तळहातावरचे ४के : चिप पेलते, पण किती वेळ?

मोबाइलच्या खोक्यावर हल्ली इतके आकडे छापलेले असतात की पंचांग बरे वाटावे. ४के व्हिडिओ, ८के चित्रीकरण, १२० हर्ट्झ, गेमिंग प्रोसेसर... दुकानदार एकेका आकड्यावर बोट ठेवून सांगत असतो, मुलगा मान डोलावत असतो आणि वडील मनातल्या मनात हप्ता मोजत असतात. या गडबडीत एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. नखाएवढी ती चिप एवढे सगळे खरोखर पेलते का? आणि पेलत असली, तर त्यातले आपल्या घराला किती लागते?

हा विषय आज घेण्याचे कारण म्हणजे वडगावच्या एका वाचक भगिनींचे पत्र. पत्र मराठीत आहे. रागाची दोन वाक्ये मात्र कानडीत आहेत! यजमान उद्यमबागेत लेथवर काम करतात. मुलगा सेकंड पीयूसीला आहे आणि सुटीच्या दिवशी एका फोटोग्राफरबरोबर लग्नांच्या शूटिंगला जातो. त्याला ४५ हजारांचा फोन हवा आहे. ४के शूटिंग करता येईल, गेमही चांगला चालेल, असे त्याचे म्हणणे. बाईंची भिशी लागली आहे, पण ते पैसे पावसाळ्याआधी मागच्या पडवीची कौले बदलण्यासाठी ठेवलेले. शिवाय त्यांची स्वतःची एक इच्छा आहे. ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई जात्यावरच्या ओव्या मराठीत म्हणतात आणि बीसुकल्लिन पद कानडीत. ते सगळे एकदा नीट चित्रित करून ठेवायचे आहे. एवढा महाग फोन घेतल्याशिवाय हे काम होतच नाही का, असे त्यांनी विचारले आहे.

प्रश्न रास्त आहे. उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येणार नाही, कारण व्हिडिओ आणि गेम ही चिपच्या दृष्टीने दोन अगदी वेगळी कामे आहेत. तेव्हा जरा मुळापासून पाहू.

४के म्हणजे किती?

पडद्यावरचे चित्र बारीक बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. रांगोळीच्या ठिपक्यांसारखेच समजा. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके असतात. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख. फुल एचडीच्या बरोबर चौपट. ८के त्याच्याही चौपट, म्हणजे ३ कोटी ३० लाखांच्या वर.

हे झाले एका चित्राचे. हलते चित्र दिसण्यासाठी अशी ३० किंवा ६० चित्रे एका सेकंदात दाखवावी लागतात. ४के चित्रे सेकंदाला ६० दाखवायची तर दर सेकंदाला जवळजवळ ५० कोटी ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. सेकंदाला ३० चित्रे धरली आणि ती काहीही न दाबता तशीच साठवली, तर एका मिनिटाला सुमारे ४५ जीबी जागा लागेल. १२८ जीबीचा फोन तीन मिनिटांत भरून जाईल!

प्रत्यक्षात तसे होत नाही. एचईव्हीसी नावाच्या पद्धतीने तेच एक मिनिट साधारण १७० एमबीमध्ये मावते. म्हणजे अडीचशेपटीहून जास्त बचत. ही किमया कशी होते हे कळले, की निम्मा प्रश्न सुटला.

घडी उलगडणे आणि साडी विणणे

मांडवात नवरा-नवरी उभी आहेत. मागचा पडदा हलत नाही, खांब हलत नाहीत. हलतात ते हार घालणारे हात. मग पडदा आणि खांब प्रत्येक चित्रात नव्याने कशाला साठवायचे? आधीच्या चित्रापेक्षा काय बदलले तेवढेच लिहून ठेवायचे. इलकल साडीची नऊ वार लांबी घडी घालून पेटीत बसवावी, तसा हा प्रकार. घडी घालण्याच्या या रीतीला कोडेक म्हणतात. २००३ साली एच.२६४ ही रीत आली, २०१३ साली तिच्याहून घट्ट घडी घालणारी एचईव्हीसी आली आणि २०१८ साली एव्ही१.

आपण फोनवर व्हिडिओ बघतो तेव्हा चिप फक्त घडी उलगडत असते. आणि या एकाच कामासाठी चिपमध्ये एक वेगळा कोपरा राखून ठेवलेला असतो. तो दुसरे काही करत नाही, पण घडी उलगडण्यात त्याचा हात इतका बसलेला असतो की फारशी वीज न खाता ४के चित्र तो सहज दाखवतो. त्यामुळे 'मोबाइलची चिप ४के व्हिडिओ दाखवू शकते का' याचे उत्तर 'हो' असे आहे, आणि ते आजचे नाही. २०१३ साली आलेल्या स्नॅपड्रॅगन ८०० या चिपमध्येच ४के व्हिडिओ दाखवण्याची आणि टिपण्याची सोय होती. आज मधल्या किमतीच्या फोनमध्येही ती असते.

एक मेख मात्र आहे. त्या कोपऱ्याला घडीची ती रीत माहीत असावी लागते. एखाद्या स्वस्त चिपला एव्ही१ची घडी ठाऊक नसेल, तर ते काम मुख्य प्रोसेसरच्या गळ्यात पडते. तो करतो, पण धापा टाकत. बॅटरी भराभर उतरते आणि चित्र अडखळते.

टिपणे हे बघण्यापेक्षा जड काम. घडी उलगडायला अक्कल कमी लागते, घालायला जास्त. चित्रातला कुठला भाग कुठे सरकला हे चिपला सेकंदाला तीस वेळा शोधावे लागते, आणि त्याच वेळी कॅमेऱ्याकडून येणारे कच्चे चित्र स्वच्छही करावे लागते. २०१३ च्या सॅमसंग गॅलक्सी नोट ३ मध्ये स्नॅपड्रॅगन चिप असलेल्या फोनांना ४के चित्रीकरण येत होते, पण एका वेळी पाचच मिनिटे. २०२० साली गॅलक्सी एस२० मध्ये ८के आले, पण सेकंदाला २४ चित्रे एवढ्याच वेगाने. दरवर्षी मजल पुढे जाते, पण फुकट काही मिळत नाही.

आता गेम. गेममध्ये आधी घातलेली घडी नसतेच. मुलाने बोट डावीकडे सरकवले की पुढचे चित्र कसे असेल हे त्या क्षणापर्यंत कुणालाच ठाऊक नसते. झाड कुठे, सावली कुठे, गाडीच्या काचेत काय दिसते, हे सगळे चिपला तिथल्या तिथे हिशेब करून रंगवावे लागते. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एका चित्राला सतरा मिलिसेकंदही मिळत नाहीत. व्हिडिओ म्हणजे घडी उलगडणे असेल, तर गेम म्हणजे शहापूरच्या मागावर दर वेळी नवी साडी विणणे, तेही सेकंदाला साठ!

बिझी आणि बिसी

मग मोबाइलच्या चिपला हे विणकाम जमत नाही का? जमते, आणि चांगले जमते. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आयफोन १५ प्रो आला. त्याच्या ए१७ प्रो चिपमध्ये सुमारे १९ अब्ज ट्रान्झिस्टर आहेत. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस 'रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज' हा प्लेस्टेशनसारख्या यंत्रांवरचा मोठा गेम या फोनवर उतरला. प्रकाशाचा एकेक किरण कुठे आदळतो याचा हिशेब करणारी रे ट्रेसिंगची सोय २०२२ पासूनच काही अँड्रॉइड फोनांच्या चिपांमध्ये आली होती.

अडचण ताकदीची कमी आणि उष्णतेची जास्त आहे. आपल्याकडच्या घरात हे सांगायला दोन भाषा मदतीला आहेत. फोन बिझी झाला की तो बिसी होतो! 'बिसि आगतैतरी' ही तक्रार मोबाइल दुरुस्तीच्या प्रत्येक दुकानात ऐकू येते. चिपने खाल्लेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. ती बाहेर टाकायला फोनला ना पंखा, ना पाणी; असते ती फक्त मागची काच आणि आपला तळवा. हाताला चटका न बसता फोन सलग साधारण तीन ते पाच वॅट एवढीच उष्णता बाहेर टाकू शकतो. त्याउलट प्लेस्टेशन ५ मोठा गेम चालवताना २०० वॅटच्या आसपास वीज घेते आणि पंख्याने उष्णता बाहेर फेकते.

बॅटरीचाही हिशेब करून पाहा. ५००० एमएएचच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-अवर वीज मावते. चार वॅटने खर्च केली तर ती साडेचार तासांवर पुरते. प्लेस्टेशनच्या चालीने २०० वॅटने खर्च केली, तर सहा मिनिटांत खलास.

म्हणून फोनची चिप एक युक्ती करते. पहिली काही मिनिटे पूर्ण जोर लावते आणि अंग तापू लागले की आपणहून वेग कमी करते. याला थ्रॉटलिंग म्हणतात. दुकानात दोन मिनिटे गेम खेळून पाहिला तर झकास चालतो, आणि घरी अर्ध्या तासाने अडखळू लागतो, त्याचे कारण हे. उद्यमबागेत लेथवर काम करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. टूल कितीही चांगले असो, कूलंट बंद केला की किती वेळ टिकते ते त्याला ठाऊक असते.

याचा सर्वात चांगला पुरावा निन्टेन्डो कंपनीच्या स्विच या यंत्रात सापडतो. २०१७ चा पहिला स्विच एनव्हिडियाच्या टेग्रा एक्स१ या मोबाइल जातीच्या चिपवर चालत होता. हातात धरला की ७२०पी चित्र, टीव्हीजवळच्या बैठकीत बसवला की १०८०पीपर्यंत. २०२५ च्या जूनमध्ये आलेल्या स्विच २ मध्ये हातातल्या पडद्यावर १०८०पी आणि टीव्हीवर ४केपर्यंत चित्र मिळते. चिप तीच! फरक एवढाच की बैठकीत तिला भिंतीतून वीज मिळते आणि थंडावा जास्त मिळतो. स्विच २ च्या बैठकीत तर वेगळा पंखाच आहे. त्यातही बऱ्याच गेममध्ये ४केचे सगळे ठिपके चिप स्वतः रंगवत नाही. चित्र लहान आकारात रंगवायचे आणि मग हुशारीने मोठे करायचे, ही अपस्केलिंगची रीत तिथे वापरतात. फोनवरच्या मोठ्या गेममध्येही तेच चालते. त्यामुळे फोनवर खरोखरीचा ४के गेम, हे आजही बरेचसे जाहिरातीतच असते.

एक गंमत सांगतो. आज बहुतेक मोबाइल चिपांचा गाभा ज्या घराण्याचा आहे, ते आर्म घराणे १९८५ साली इंग्लंडमधल्या केंब्रिज गावी एकॉर्न कंपनीत जन्मले. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी ती पहिली चिप आखली. तपासणीच्या वेळी वीजमापकावर शून्य दिसत होते. मीटर बिघडला असावा असे आधी वाटले. नंतर लक्षात आले की चिपला विजेची तार जोडलेलीच नव्हती. बाजूच्या भागांतून झिरपणाऱ्या विजेवरच ती चालत होती. कमी खाऊन काम करणे हा या घराण्याचा मूळ गुण. आपण मात्र आता तिच्याकडून पैलवानाचे काम मागतो आहोत.

डोळ्याला किती दिसते?

चिपचे झाले. आता आपल्या डोळ्याचे पाहू, कारण शेवटी बघायचे आहे ते डोळ्यांनीच. चांगली नजर असलेल्या माणसाला फूटभर अंतरावरून एका इंचात साधारण तीनशे ठिपके वेगवेगळे ओळखता येतात. त्याहून जास्त असले तर ते एकमेकांत मिसळून जातात. साडेसहा इंची फुल एचडी फोनवर इंचाला चारशेच्या आसपास ठिपके असतातच. म्हणजे हातातल्या पडद्यावर ४के असले काय नि नसले काय, डोळ्याला सहसा फरक पडत नाही. सोनीने २०१५ साली एक्सपीरिया झेड५ प्रीमियम या फोनला साडेपाच इंची ४के पडदा बसवला होता. पण तो फोनसुद्धा फोटो आणि व्हिडिओ सोडले तर बहुतेक वेळ फुल एचडीतच चालायचा, कारण उगाच चौपट ठिपके रंगवून बॅटरी कोण जाळणार?

टीव्हीचेही असेच. ५५ इंची टीव्हीपासून सात फुटांपेक्षा लांब बसले तर फुल एचडी आणि ४के यांतला फरक साध्या नजरेला फारसा जाणवत नाही. आपल्या घरच्या सोप्याचे माप काढून पाहा.

डेटाचेही गणित आहे. नेटफ्लिक्सच्या सांगण्याप्रमाणे ४के चित्रपट तासाला ७ जीबीपर्यंत डेटा घेतो. दिवसाला दोन जीबीचा पॅक असेल तर पुरत्या वीस मिनिटांतही तो टिकायचा नाही. आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. फोनला वाइडवाइन एल१ हा परवाना नसेल, तर चिप कितीही तगडी असो, नेटफ्लिक्ससारख्या ठिकाणी चित्र साध्या दर्जाचेच दिसते.

अक्का, तुमच्यासाठी

आता पत्राचे उत्तर. अक्का, मुलगा म्हणतो त्यातला अर्धा भाग बरोबर आहे. लग्नाचे शूटिंग ४केमध्ये केले तर त्याचा उपयोग आहे. नंतर चित्र कापून जवळचे करता येते, मोठ्या टीव्हीवर दाखवता येते, आणि गिऱ्हाईकही हल्ली ४के मागते. पण ४के सेकंदाला ३० चित्रांनी टिपायला ४५ हजारांचाच फोन लागतो असे नाही. त्याच्या निम्म्या किमतीच्या आसपासही असे फोन मिळतात. त्याला तीन गोष्टी तपासायला सांगा. एक, ४के चित्रीकरण एचईव्हीसीमध्ये होते का. दोन, चित्र स्थिर ठेवण्याची सोय ४केमध्येही चालते का. बऱ्याच फोनांत ती फुल एचडीपुरतीच असते. तीन, दुकानात विचारून सलग दहा मिनिटे ४के टिपून पाहावे. फोन मध्येच थांबला किंवा चटका बसू लागला, तर तो मांडवातल्या उकाड्यात टिकणार नाही.

साठवणीचाही विचार हवा. तीन तासांचे लग्न म्हणजे एचईव्हीसीमध्येही तीस जीबी. फोनबरोबर तिपाई, कॉलरला लावायचा माइक आणि एक हार्ड डिस्क घेतली, तर तीच खरी धंद्याची भर.

गेमसाठी म्हणून जास्तीचे पंधरा-वीस हजार मोजायचे असतील, तर मात्र थांबा. बीजीएमआयसारखा गेम मधल्या फोनवर चित्राचा दर्जा एक पायरी खाली ठेवला की नीट चालतो. आणि गेमचा भरवसा काय? पबजीवर २०२० च्या सप्टेंबरमध्ये बंदी आली. बीजीएमआय २०२१ मध्ये आला, २०२२ च्या जुलैमध्ये बंद झाला आणि २०२३ मध्ये परत आला. गेम जातो-येतो; फोनचा हप्ता मात्र दर महिन्याला येतोच.

ज्यांना गेमसाठीच फोन घ्यायचा आहे त्यांनी पहिल्या मिनिटाचा आकडा पाहू नये, विसाव्या मिनिटाचा पाहावा. थ्रीडीमार्कची वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्ट म्हणून एक चाचणी आहे. ती एक मिनिटाची परीक्षा सलग वीस वेळा घेते आणि शेवटी वेग किती टिकला ते टक्क्यांत सांगते. महाग फोन या परीक्षेत स्वस्त फोनपेक्षा जास्त घसरल्याचेही दिसते. आणि घरच्या घरी करण्याजोगे दोन उपाय : खेळताना जाड कव्हर काढावे, आणि चार्जिंगला लावून खेळू नये. चार्जिंगची उष्णता आणि चिपची उष्णता एकत्र झाली की बॅटरीचे आयुष्य घटते.

मराठीत आपण म्हणतो अंथरूण पाहून पाय पसरावे, कानडीत म्हणतात 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु'. दोन्ही भाषांनी एकच सांगितले आहे, त्यामुळे घरात कुठल्याही भाषेत भांडण झाले तरी हा दाखला उपयोगी पडेल. मुलाचे काम खरे आहे, त्याला 'साकु' म्हणून गप्प करू नका. त्याला समोर बसवून हा हिशेब मांडा. फोन, तिपाई, माइक आणि हार्ड डिस्क मिळून तीस-बत्तीस हजारांत बसवून दाखव म्हणावे. उरलेले कौलांना.

राहिल्या सासूबाई. त्यांच्या ओव्यांसाठी नव्या फोनची वाट पाहू नका. आज घरात जो फोन आहे तो फुल एचडी टिपतच असेल, आणि तेवढे पुरे आहे. ओवीत ऐकायचा असतो तो आवाज. फोन हातात न धरता डब्यांवर टेकवून ठेवा, पंखा बंद करा, रस्त्याकडची खिडकी लावून घ्या, आणि फोन त्यांच्यापासून दोन हातांपेक्षा लांब नको. जाते असेल तर खरोखरच दळायला बसवा. हात फिरू लागला की विसरलेल्या ओव्या आठवतात. मराठी ओवी कुठली, कानडी पद कुठले, कुणाकडून शिकल्या, माहेर कुठले, हेही त्यांच्याच तोंडून बोलवून घ्या. मग त्या फाइलच्या तीन प्रती करा : एक फोनमध्ये, एक हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडे. चिप यंदापेक्षा पुढच्या वर्षी नक्कीच चांगली येईल. ओव्यांचे काम मात्र या रविवारीच करून टाका.